रुपया नव्वदीपार, महागाई शून्याजवळ : मग बिल कोणी भरले?

विशेष प्रतिनिधी, मुंबई

डिसेंबर २०२५च्या पहिल्या आठवड्यात एका डॉलरसाठी प्रथमच ९० रुपयांहून अधिक मोजावे लागले. त्याच्या जेमतेम तीन आठवडे आधी, १२ नोव्हेंबरला, केंद्र सरकारने ऑक्टोबर महिन्याचा किरकोळ महागाईचा दर जाहीर केला होता. तो होता अवघा ०.२५ टक्के. २०१२ हे पायाभूत वर्ष धरून काढल्या जाणाऱ्या निर्देशांकाच्या मालिकेतील हा नीचांक होता. रुपया घसरला की महागाई भडकते, असे वर्षानुवर्षे ऐकत आलेल्या वाचकाला हे दोन आकडे शेजारी ठेवले तर बुचकळ्यात पडल्यासारखे होईल. रुपयाही विक्रमी तळाला आणि महागाईही विक्रमी तळाला, हे घडले कसे?

यातून सोयीचा निष्कर्ष काढणारेही पुढे आले. रुपयाच्या घसरणीचा सामान्य माणसाच्या खिशाशी फारसा संबंध उरलेला नाही, असे त्यांचे म्हणणे. तो निष्कर्ष तपासून घेण्याजोगा आहे. कारण गेल्या दशकभरातील अनुभव असा, की घसरणीचे बिल कधीच माफ होत नाही. ते कोणाच्या नावावर फाडले जाते, एवढेच काय ते बदलते.

डॉलरचेच बिल

मुळात विनिमय दर आणि बाजारभाव यांची सांगड बसते ती आयातीमुळे. भारत आपल्या गरजेच्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल परदेशांतून आणतो. खाद्यतेलाची निम्म्याहून अधिक गरज आयातीतून भागते. पामतेल इंडोनेशिया आणि मलेशियातून येते, सोयाबीन तेल अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून, तर सूर्यफूल तेल रशिया आणि युक्रेनमधून. तूर म्यानमार आणि पूर्व आफ्रिकेतून येते. मोबाइल आणि टीव्हीचे सुटे भाग, खते, सोने ही यादी आणखी वाढवता येईल.

यापैकी बहुतेक माल अमेरिकेतून येत नाही. तरीही त्याची किंमत ठरते डॉलरमध्ये. अर्थतज्ज्ञ गीता गोपीनाथ यांनी २०१५ साली मांडलेल्या एका अभ्यासात ही बाब ठळकपणे पुढे आली. भारताच्या आयातीत अमेरिकेचा वाटा सुमारे पाच टक्के, मात्र आयातीची सुमारे ८६ टक्के बिले डॉलरमध्ये, असे त्यांचे आकडे होते. म्हणजे इंडोनेशियाच्या पामतेलाचा डबा मुंबईत कितीला विकला जाईल हे इंडोनेशियाच्या चलनापेक्षा डॉलरच्या भावावर अधिक अवलंबून असते. रुपया आणि डॉलर यांच्या दराला आपल्याकडे एवढे महत्त्व का, याचे उत्तर येथे आहे.

तथापि, डॉलरचा भाव आणि दुकानातील भाव यांच्यामध्ये अनेक नाकी आहेत. पहिल्या नाक्यावर त्या मालाची डॉलरमधील मूळ किंमत असते. दुसऱ्यावर आयातदार, जो वायदा करून आधीच डॉलरचा भाव बांधून घेतो किंवा जुना साठा विकत राहतो. तिसऱ्यावर सरकार, सीमाशुल्क, अबकारी कर आणि अनुदाने घेऊन उभे असते. चौथ्यावर उत्पादक आणि व्यापारी आपला नफा किती आखडायचा याचा हिशेब करतात. या प्रत्येक नाक्यावर घसरणीचा काही भाग अडतो, काही पुढे जातो. रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण अहवालांत वेळोवेळी जो अंदाज दिला गेला, त्यानुसार रुपया पाच टक्क्यांनी घसरला तर किरकोळ महागाईत साधारणपणे ०.२० ते ०.३५ टक्क्यांची भर पडते. पाच टक्क्यांच्या घसरणीपैकी एवढाच अंश निर्देशांकात उतरतो. बाकीचा वाटेत कुठे राहतो, हा खरा प्रश्न आहे.

चार घसरणी, चार निकाल

६ जून १९६६ रोजी इंदिरा गांधी सरकारने डॉलरचा भाव ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपये केला. जुलै १९९१ मध्ये दोन दिवसांच्या अंतराने दोन टप्प्यांत रुपया सुमारे २१ वरून २६च्या आसपास नेण्यात आला. त्या दोन्ही वेळी अवमूल्यन हा सरकारचा जाहीर निर्णय होता, त्यामुळे दोषही सरकारच्या माथी आला. मार्च १९९३ पासून रुपयाचा दर मुख्यत्वे बाजारावर सोपवण्यात आला. तेव्हापासून अवमूल्यन हा शब्द मागे पडला आणि घसरण हा शब्द आला. घसरण कोणी करत नाही, ती होते. साहजिकच तिचा जाब विचारणेही कठीण झाले.

अलीकडच्या चार घसरणी पाहिल्या तर त्यांचा परिणाम किती वेगवेगळा झाला ते दिसते.

२०१३ साली मे महिन्यात सुमारे ५४ रुपयांना मिळणारा डॉलर २८ ऑगस्टला ६८ रुपयांच्या पुढे गेला. आदल्या आर्थिक वर्षात चालू खात्यावरील तूट सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ४.८ टक्के झाली होती आणि अमेरिकेची मध्यवर्ती बँक पैशाचा ओघ आवरता घेणार, एवढ्या सूचनेनेही परदेशी भांडवल माघारी वळले. त्या नोव्हेंबरात किरकोळ महागाई ११ टक्क्यांवर गेली. मात्र त्यातही कांद्याचा आणि भाज्यांचा वाटा मोठा होता आणि लासलगावच्या कांद्याचा भाव डॉलरवर ठरत नाही. दुसरीकडे डिझेल आणि स्वयंपाकाच्या गॅसचे दर सरकारने रोखून धरले होते. २०१२-१३ या एका वर्षात तेल कंपन्यांची कमी दराने विक्री केल्यामुळे झालेली तूट १.६ लाख कोटी रुपयांच्या घरात होती. पंपावर न दिसलेली महागाई सरकारी तिजोरीत आणि सार्वजनिक कंपन्यांच्या ताळेबंदात जाऊन बसली.

२०१८ मध्ये वर्षारंभी ६४च्या आसपास असलेला डॉलर ऑक्टोबरात ७४ रुपयांवर पोहोचला. मुंबईत पेट्रोल ९१ रुपयांपुढे गेले. तरीही त्या ऑक्टोबरात किरकोळ महागाई साडेतीन टक्क्यांच्याही आत राहिली. कारण अन्नधान्य, डाळी आणि भाज्या स्वस्त होत्या. शहरातील ग्राहकाला दिलासा मिळाला तो शेतकऱ्याच्या पडलेल्या भावातून.

२०२२ मध्ये निकाल नेमका उलट लागला. रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यानंतर खनिज तेल, सूर्यफूल तेल, गहू, खते सारेच भडकले आणि त्याच वेळी डॉलरही बलवान झाला. एरवी डॉलर वधारला की डॉलरमधील वस्तूंचे भाव काहीसे नरमतात आणि धक्का सौम्य होतो. या वेळी दोन्ही धक्के एकाच दिशेने बसले. एप्रिल २०२२ मध्ये महागाई ७.७९ टक्क्यांवर गेली. सलग तीन तिमाहींत ती सहा टक्क्यांची मर्यादा ओलांडून राहिल्याने रिझर्व्ह बँकेला कायद्यानुसार सरकारला लेखी खुलासा द्यावा लागला. पतधोरणाची ही चौकट स्वीकारल्यानंतर अशी वेळ प्रथमच आली.

आणि २०२५. येथे उत्तर साध्या अंकगणितात सापडते. एका पिंपात १५९ लिटर तेल असते. पिंपाला ८० डॉलर आणि डॉलरला ७५ रुपये असा भाव धरला तर कच्चे तेल लिटरला सुमारे ३८ रुपये पडते. पिंप ६५ डॉलरचे झाले आणि डॉलर ९० रुपयांचा झाला, तर तेच तेल लिटरला ३७ रुपयांना पडते. रुपया घसरूनही तेल किंचित स्वस्तच. २०२५च्या अखेरीस खनिज तेल ६५ डॉलरच्या आसपास होते. पाऊसमान चांगले झाले होते. २२ सप्टेंबरपासून वस्तू व सेवा कराचे दर कमी झाले होते. वातानुकूलन यंत्रे आणि मोठ्या टीव्हींवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला होता. आयात सुट्या भागांची दरवाढ या करकपातीखाली झाकली गेली.

सरासरीच्या आड

०.२५ टक्के हा आकडा आतून उघडून पाहिला तर चित्र आणखी स्पष्ट होते. त्या ऑक्टोबरात भाज्यांचे भाव आदल्या वर्षीपेक्षा २७ टक्क्यांहून अधिक खाली होते आणि डाळींचे सुमारे १६ टक्क्यांनी. त्याच वेळी खाद्यतेलांची दरवाढ मात्र दोन आकडी होती. सोन्याचा १० ग्रॅमचा भाव त्या दिवाळीत सव्वा लाखाच्या पुढे गेला होता. अर्थात सोने जगभरच महागले होते, पण आपल्याकडे त्यात रुपयाच्या घसरणीची भर पडली. सोन्याच्या वाटेवर अनुदानाचे किंवा रोखलेल्या दराचे नाके नसते. डॉलरचा भाव हलला की सराफा बाजारात त्याचा पडसाद त्याच दिवशी उमटतो.

म्हणजेच आयात होणारे महाग झाले आणि शिवारात पिकणारे स्वस्त झाले. बेरीज शून्याजवळ आली. २०१२च्या मालिकेत अन्न आणि पेयांना जवळपास ४६ टक्के भार होता. त्यामुळे टोमॅटो आणि कांदा पडले की निर्देशांक पडत असे, डॉलर कुठेही असो. महागाई कमी आहे म्हणून रुपयाची घसरण निरुपद्रवी आहे, असे म्हणणे हा या सरासरीने घडवलेला दृष्टिभ्रम होय. पाऊस हुलकावणी देतो आणि तेल भडकते, अशा वर्षी हीच घसरण वेगळे रूप दाखवते, हे २०२२ने दाखवून दिले आहे.

पंपावरचे नाके

सर्वांत बोलके उदाहरण पेट्रोलचे. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाले. जून २०१७ पासून ते रोज बदलू लागले. कागदोपत्री आता डॉलर आणि तेल यांचा प्रत्येक चढउतार थेट ग्राहकापर्यंत यावयास हवा होता. प्रत्यक्षात काय झाले?

२०१४च्या मध्यावर शंभर डॉलरच्या पुढे असलेले तेल जानेवारी २०१६ मध्ये ३० डॉलरच्या खाली आले. या काळात केंद्राने नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ दरम्यान अबकारी कर नऊ वेळा वाढवला. पेट्रोलवर लिटरमागे एकूण ११.७७ रुपये आणि डिझेलवर १३.४७ रुपये. स्वस्ताईचा मोठा हिस्सा सरकारने उचलला. त्यातून वित्तीय तूट आवरली गेली हे खरे, पण ग्राहकाच्या वाट्याला उरले ते थोडेच.

२०२२ नंतर दुसरा प्रकार घडला. अबकारी करातील कपात आणि राज्याच्या मूल्यवर्धित करातील कपात यांनंतर जुलै २०२२ मध्ये मुंबईत पेट्रोल १०६.३१ रुपयांवर आले आणि मार्च २०२४ पर्यंत तेथेच थिजले. त्या काळात डॉलर ८० वरून ८३ वर गेला, तेल शंभरीवरून सत्तरीपर्यंत उतरले, पुन्हा नव्वदीपर्यंत चढले. पंपावरील आकडा हलला नाही. सुरुवातीला याचा भार तेल कंपन्यांनी सोसला. एप्रिल ते सप्टेंबर २०२२ या सहामाहीत तीन सरकारी कंपन्यांचा एकत्रित तोटा २१ हजार कोटींच्या पुढे होता. पुढे तेल उतरले तेव्हा याच कंपन्यांनी २०२३-२४ मध्ये सुमारे ८१ हजार कोटींचा नफा कमावला. लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर लिटरला दोन रुपयांची कपात झाली. दर नियंत्रणमुक्त आहेत, असे म्हणावे तर ते वीस महिने जागचे हलले नाहीत. नियंत्रित आहेत असे म्हणावे तर तसा आदेश कुठे नाही.

तेलाचा डबा आणि सोयाबीनचे पोते

खाद्यतेलाच्या बाबतीत हाच खेळ शहर आणि गाव यांच्यात रंगतो. रुपया घसरला की आयात पामतेल महाग होते आणि तत्त्वतः लातूर, वाशीमच्या सोयाबीन उत्पादकाला चार पैसे अधिक मिळायला हवेत. सीमाशुल्काचे नाके येथे निर्णायक ठरते. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरील एकूण आयात शुल्क ५.५ वरून २७.५ टक्के केले. शहरांत तेलाचा डबा महागला. सोयाबीनचा हमीभाव त्या हंगामात क्विंटलला ४,८९२ रुपये होता, पण लातूरच्या बाजारात भाव त्याखालीच राहिले. मे २०२५ च्या अखेरीस हे शुल्क १६.५ टक्क्यांवर आणले गेले. या वेळी कारण ग्राहकाच्या दिलाशाचे होते. शेतकऱ्याला शुल्कवाढीचा लाभ पोहोचण्याआधीच शुल्ककपात आली.

खतांचे गणित आणखी आडवळणाचे. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीचा कमाल दर वर्षानुवर्षे २४२ रुपये अधिक कर इतकाच राहिला. त्यामुळे डॉलरचा भाव शेतकऱ्याला जाणवला नाही आणि निर्देशांकातही दिसला नाही. तो दिसला केंद्राच्या अर्थसंकल्पात. २०२२-२३ मध्ये खतांवरील अनुदान अडीच लाख कोटींवर गेले. ही रक्कम करदात्यांचीच. दुकानात न भरलेले बिल कराच्या रूपाने भरले गेले.

वर चढतात, उतरत नाहीत

ग्राहकाची आणखी एक जुनी तक्रार आहे आणि ती बरीचशी खरी आहे. रुपया घसरला की भाव वाढतात, सावरला की उतरत नाहीत. २००७ मध्ये डॉलर ४० रुपयांच्याही खाली आला होता, तेव्हा किती वस्तू स्वस्त झाल्या? याला कारणे आहेत. भाव बदलणे उत्पादकाला खर्चाचे असते, त्यामुळे तो थोड्याथोडक्या चढउतारासाठी छापील किंमत बदलत नाही. कपात करण्यापूर्वी तो वाट पाहतो; रुपया पुन्हा घसरला तर, हा विचार त्यामागे असतो. स्पर्धा जेथे चुरशीची आहे, तेथे भाव उतरतात. जेथे दोनतीन उत्पादकांचाच बाजार आहे, तेथे वाढलेला नफा तसाच राहतो.

शिवाय भाववाढ नेहमी किमतीत दिसते असेही नाही. २०२१-२२ मध्ये पामतेल कडाडले तेव्हा पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा पाच रुपयांचाच राहिला. आतील वजन घटले. दहा रुपयांच्या साबणाची वडी पातळ झाली. चाळीतील किराणा दुकानात पाच आणि दहा रुपयांच्या पाकिटांवर महिना काढणाऱ्या कुटुंबाला ही महागाई सर्वाधिक जाणवते.

हप्त्यातून वसुली

घसरणीचे आणखी एक बिल शहरी मध्यमवर्गाने भरले, पण त्यावर रुपयाचे नाव नव्हते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ दरम्यान रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला. महागाई, आणि तिच्यातील आयात झालेला हिस्सा, आवरणे हे त्याचे मुख्य कारण होते. ठाणे किंवा पुण्यात ४० लाखांचे, २० वर्षांचे गृहकर्ज पावणेसात टक्क्यांवरून सव्वानऊ टक्क्यांवर गेले तर मासिक हप्ता सहा हजारांहून अधिक वाढतो. ज्यांचा हप्ता वाढला नाही, त्यांची मुदत लांबली. याच काळात रुपया सावरण्यासाठी रिझर्व्ह बँकेने आपल्या गंगाजळीतून डॉलर विकले. सप्टेंबर २०२१ मध्ये ६४० अब्ज डॉलरवर असलेली गंगाजळी ऑक्टोबर २०२२ मध्ये ५२५ अब्जांच्या आसपास आली. त्या घटीत डॉलरच्या तुलनेत इतर चलने पडल्याचाही वाटा होता, हेही नमूद केले पाहिजे.

घसरणीचे लाभार्थीही आहेत. पुण्याच्या माहिती तंत्रज्ञान कंपन्यांचे उत्पन्न डॉलरमध्ये असते. आखातातील दिरहम आणि रियाल डॉलरला बांधलेले असल्याने रत्नागिरी किंवा गोव्यातील घरी येणाऱ्या पैशाचे रुपये वाढतात. उलटपक्षी मुलाला अमेरिकेत शिकायला पाठवणाऱ्या पालकांना कोणतेही नाके वाचवू शकत नाही; शुल्क तेवढेच राहिले तरी ७५ रुपयांनी आखलेला खर्च ९० रुपयांनी भागवावा लागतो, म्हणजे वीस टक्के अधिक. युरोपात पाठवणाऱ्यांचीही सुटका नाही. २०२५ मध्ये युरोनेही शंभर रुपयांचा टप्पा ओलांडला.

हिशेब उघड हवा

घसरण रोखून धरणे हा यावरचा उपाय मानता येणार नाही. तेल आयात करणाऱ्या आणि ज्याची महागाई दीर्घकाळ अमेरिकेपेक्षा अधिक राहिली, अशा देशाचे चलन काळाच्या ओघात थोडेथोडे उतरणार, हे अर्थशास्त्राला धरूनच आहे. कृत्रिमरीत्या रोखलेला रुपया अखेर एकदम कोसळतो, हा १९६६ आणि १९९१चा धडा आहे. करकपात किंवा अनुदान देऊन धक्का सौम्य करणे, हाही सरकारचा अधिकार आणि प्रसंगी कर्तव्य आहे.

आक्षेप आहे तो हे सारे गुपचूप होण्यावर. रुपया घसरला तेव्हा भार ग्राहकावर टाकावा, करदात्यावर, तेल कंपनीवर की शेतकऱ्यावर, हा राजकीय निर्णय आहे. तो एका रात्रीत निघणाऱ्या अधिसूचनेने किंवा न बदलणाऱ्या दरफलकाने घेतला जातो आणि त्यावर संसदेत क्वचितच चर्चा होते. पेट्रोलच्या दराचे सूत्र, कर कधी वाढेल आणि कधी उतरेल याचा ठरलेला निकष, खाद्यतेलावरील शुल्काला शेतमालाच्या हंगामाशी जोडणारे वेळापत्रक एवढे जरी जाहीर असले, तरी शेतकरी पेरणीचा आणि गृहिणी महिन्याचा अंदाज बांधू शकेल. तोवर महागाईचा मासिक आकडा कितीही सुखद असला, तरी त्यासोबत डाळी आणि भाज्यांचे भाव, तेलाचा डबा, अर्थसंकल्पातील अनुदानाची ओळ आणि आपल्या कर्जाचा हप्ता हे चारही आकडे वाचकाने पडताळून पाहणे इष्ट. रुपयाच्या घसरणीची पावती त्यांपैकी कुठेतरी हमखास सापडते.